सोंपविलेला पहारा

घराला कुलूप लावून परगांवीं जातांना किल्ली शेजाऱ्याच्या हवालीं करण्याची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. तींत शेजारधर्म आहे, सोय आहे, आणि थोडासा आळसहि आहे. किल्ली दिली म्हणजे घराची काळजी संपली, असें मात्र शहाणा गृहस्थ समजत नाहीं. शेजारी कसा आहे, त्याच्याकडे कोणाची ये-जा असते, किल्ली तो कोठें टांगतो, ह्याचा विचार किल्ली देणाऱ्यानेंच करावयाचा असतो. शिवाय आळींतल्या सगळ्याच बिऱ्हाडांनीं आपापल्या किल्ल्या एकाच शेजाऱ्याकडे ठेविल्या, तर चोराला पन्नास घरें फोडण्याचें कारण उरत नाहीं. एक फोडलें म्हणजे पुरतें. गोष्ट इतकी उघड आहे कीं, ती सांगावयासहि नको. असें असतां आज असंख्य शाळा, दुकानें, दवाखाने आणि कचेऱ्या आपल्या पत्रव्यवहाराची किल्ली परक्याच्या हातीं देऊन निर्धास्तपणें झोंपीं जात आहेत. आम्हीहि त्यांपैकींच एक होतों. आमची झोंप ज्या प्रसंगानें मोडली तो आधीं सांगतों, आणि मग त्यावरून सुचलेले विचार वाचकांपुढें मांडतों.

आम्ही एका लहानशा शिक्षणसंस्थेच्या नियामक मंडळाचे सभासद आहों. संस्थेच्या दोन शाळा आहेत, कचेरींत तीन माणसें आहेत, आणि संगणकाच्या पोटांत काय चालतें हें जाणणारें त्यांत कोणीहि नाहीं. म्हणून संगणक, ई-मेल आणि हिशेबाची व्यवस्था ह्या सर्वांची देखरेख दरमहा ठराविक रक्कम देऊन बाहेरच्या एका मंडळीकडे सोंपविलेली आहे. असल्या मंडळींना इंग्रजींत ‘मॅनेज्ड सर्व्हिस प्रोव्हायडर’ म्हणतात. ह्या लेखापुरतें आम्ही त्यांना कारभारी म्हणूं. असा एक कारभारी एकाच वेळीं अनेक संस्थांचा कारभार पाहतो, आणि येणाऱ्या पत्रांवर पहारा ठेवण्यासाठीं तिसऱ्याच एका कंपनीनें तयार केलेलें यांत्रिक साधन वापरतो. म्हणजे धनी एक, कारभारी दुसरा आणि पहारेकरी तिसरा, अशी ही सांखळी आहे.

गेल्या वर्षीं पावसाळ्याच्या तोंडावर, शाळेच्या छपराचें काम करणाऱ्या कंत्राटदाराच्या नांवानें आमच्या लेखनिकाला एक ई-मेल आला. बँकेचें खातें बदललें आहे, पुढील हप्ता नव्या खात्यांत भरावा, एवढाच मजकूर होता. बिलाचा क्रमांक बरोबर, रक्कम बरोबर, भाषाहि नेहमींचीच. लेखनिकानें चार लाख ऐंशीं हजार रुपये भरले. पंधरा दिवसांनीं खऱ्या कंत्राटदारानें पैशाची चौकशी केली, तेव्हां लबाडी उघडकीस आली. पत्त्यांत इंग्रजी ‘एम्’ ह्या अक्षराच्या जागीं ‘आर्’ आणि ‘एन्’ हीं दोन अक्षरें शेजारीं शेजारीं घातलेलीं होतीं. पडद्यावर तीं एम् सारखींच दिसतात. असल्या फसवणुकीची वर्दी देण्यासाठीं १९३० हा क्रमांक सरकारनें दिलेला आहे, आणि वर्दी कांहीं तासांत गेली तर रक्कम वाटेंतच अडविली जाण्याचा संभव असतो. येथें दोन आठवडे उलटून गेले होते.

मंडळाची सभा भरली. एका सभासदांनीं लेखनिकाच्या पगारांतून दरमहा रक्कम कापून घ्यावी असें सुचविलें. दुसऱ्यांनीं कारभाऱ्याचें बिल थांबवावें असें सांगितलें. तिसऱ्यांचें म्हणणें, पहाऱ्याचें साधनच कुचकामी, तें बदलावें. बावीस वर्षें संस्थेची सेवा केलेला लेखनिक भिंतीशीं उभा राहून तें सारें ऐकत होता. शेवटीं कारभाऱ्याच्या माणसानें आपलें टांचण उघडलें आणि एक गोष्ट शांतपणें वाचून दाखविली. अनोळखी पत्त्यावरून आलेलें आणि पैशाचा उल्लेख असलेलें पत्र आधीं बाजूला अडवून ठेवावें, असा नियम साधनांत पूर्वीं घातलेला होता. त्या नियमानें फाल्गुनांत एका विद्यार्थिनीच्या आईचें पत्र अडविलें. फीच्या सवलतीसाठीं त्या बाईंनीं नव्यानेंच उघडलेल्या पत्त्यावरून तें लिहिलें होतें. अकरा दिवस तें कोठडींत पडून राहिलें, सवलतीची मुदत टळली, आणि मुलीचें नांव यादींतून राहिलें. पुढें ती चूक दुरुस्त झाली; परंतु तोंपर्यंत त्या बाईंना कचेरीच्या तीन खेपा घालाव्या लागल्या. त्यावर ‘आमचीं पत्रें ह्यापुढें अडवूं नयेत’ असें कडक पत्र मंडळानें कारभाऱ्याला पाठविलें, आणि त्यानें तो नियम काढून टाकिला. त्या कडक पत्राखालीं सही आमची होती.

सभेंत थोडा वेळ कोणी बोललें नाहीं. आमच्या मनांत मात्र तेव्हांपासून दोन प्रश्न घर करून आहेत. पहारा दुसऱ्याकडे सोंपविला असतां सावधपणाचें कर्तव्यहि त्याच्याबरोबर सोंपविलें जातें काय? आणि पहाऱ्याचीं साधनें सुधारावयाचीं म्हणजे नेमकें काय सुधारावयाचें? पहिला प्रश्न नीतीचा आणि दुसरा यंत्रशास्त्राचा, असें वरवर पाहणाऱ्यास वाटेल. विचार करितां दोहोंचें मूळ एकच आहे, असें आमचें मत झालें आहे.

प्रथम ई-मेलला पहाऱ्याची गरज कां पडते तें पाहूं. १९७१ सालीं रे टॉमलिन्सन ह्या अमेरिकन अभियंत्यानें एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर जाळ्यांतून पत्र धाडलें आणि पत्त्यांत नांव व ठिकाण ह्यांच्यामध्यें तें सुप्रसिद्ध वेटोळें चिन्ह घातलें. पुढें १९८२ सालीं अशा पत्रांच्या वाहतुकीचे नियम जॉन पोस्टेल ह्यांनीं लिहून काढले. त्या नियमांत पाठविणारा स्वतःचें जें नांव सांगेल तें खरें धरलेलें आहे. पोस्टकार्डाच्या तळाशीं कोणीहि कोणाचेंहि नांव लिहावें, पोस्टमननें त्याची शहानिशा करूं नये, तसाच हा प्रकार. ह्याबद्दल त्या पूर्वसूरींना दोष देण्यांत अर्थ नाहीं. तें जाळें त्या काळीं विद्यापीठें आणि संशोधनसंस्था ह्यांतील थोड्या लोकांचें होतें. परस्परांवर विश्वास हाच तेथला रिवाज होता. खेड्यांत दाराला कडी नसते, म्हणून खेडें बांधणारा मूर्ख ठरत नाहीं. खेड्याचें शहर झालें आणि दारें तशींच राहिलीं, ही खरी अडचण. १९७८ सालींच एका संगणक-विक्रेत्यानें सुमारें चारशें लोकांना न मागितलेली जाहिरात एकदम धाडून पुढें काय होणार ह्याची चुणूक दाखविली होती. आणि २००० सालच्या मे महिन्यांत प्रेमपत्राचें सोंग घेतलेल्या एका उपद्रवी पत्रानें थोड्या दिवसांत जगांतील लक्षावधि संगणक बिघडविले.

पत्रावर विश्वास कसा ठेवावा हा प्रश्न आपल्या पूर्वजांना नवा नव्हता. मराठेशाहींतील पत्राच्या माथ्यावर शिक्का असे आणि शेवटीं मोर्तब असे. मजकूर येथें संपला, ह्यापुढें कोणी कांहीं घुसडलें तर तें आमचें नव्हे, असा त्या मोर्तबाचा अर्थ. १७७३ सालीं नारायणराव पेशव्यांचा खून झाला, त्यासंबंधीं ‘ध’ चा ‘मा’ केल्याची जी आख्यायिका घरोघरीं सांगतात, ती खरी असो वा नसो, तिचें तात्पर्य लिहिलेल्या अक्षरावर विसंबण्यांत काय धोका आहे हेंच आहे. आजच्या यंत्रविद्येनेंहि असेच शिक्के निर्माण केले आहेत. कोणत्या संस्थेचें पत्र कोणत्या यंत्रावरून निघूं शकतें ह्याची यादी ती संस्था जाहीर करिते. तिला एस्‌पीएफ म्हणतात. पत्रावर गणिती पद्धतीची सही केलेली असते आणि सही झालेल्या भागांतील एक अक्षर बदललें तरी ती जुळत नाहीं; तिला डीकेआयएम म्हणतात. ह्या दोन कसोट्यांना न उतरलेल्या पत्राचें काय करावें, स्वीकारावें, बाजूला ठेवावें कीं परत लावावें, हें संस्थेनें आधींच सांगून ठेवण्याची सोय २०१२ सालीं पुढें आली. तिला डीमार्क म्हणतात. २०२४ च्या फेब्रुवारीपासून गूगल आणि याहू ह्या कंपन्यांनीं घाऊक पत्रें धाडणाऱ्यांवर ह्या तिन्ही गोष्टी बंधनकारक केल्या. आमच्या कारभाऱ्यानेंहि त्या आमच्यासाठीं केलेल्या होत्या.

मग चोर आंत कसा आला? तो स्वतःच्या खऱ्या शिक्क्यानिशीं आला. त्यानें कंत्राटदाराच्या नांवासारखें दिसणारें नांव रीतसर विकत घेतलें, त्याची यादी जाहीर केली, त्याची सही केली, आणि पत्र धाडलें. तीनहि कसोट्या त्यानें पार केल्या, कारण पत्र ज्या पत्त्यावरून आल्याचें सांगत होतें त्याच पत्त्यावरून तें खरोखर आलें होतें. शिक्का एवढेंच सांगतो कीं, हें पत्र अमक्याचें आहे. अमका सज्जन आहे हें शिक्का सांगत नाहीं. माणसाची ओळख पटणें आणि माणसाची पारख होणें ह्या दोन अगदीं निराळ्या गोष्टी आहेत.

म्हणून पहारेकऱ्याला शिक्क्यापलीकडे जाऊन पत्राचा मजकूर पाहावा लागतो, आणि येथें प्रश्नाचें खरें काठिण्य सुरू होतें. मजकुरावरून पत्र चांगलें कीं वाईट ह्याचा अंदाज संभाव्यतेच्या गणितानें बांधण्याची कल्पना पॉल ग्रॅहॅम ह्यांच्या २००२ सालच्या एका लेखानें लोकप्रिय केली. आजचीं साधनें त्याहून कितीतरी पुढें गेलीं आहेत. परंतु गणित कितीहि सूक्ष्म झालें तरी अंदाज तो अंदाजच. त्याच्या चुका दोन प्रकारच्या असतात: चोराला आंत सोडणें आणि सज्जनाला बाहेर अडविणें. जाळें घट्ट विणलें कीं दुसरी चूक वाढते, सैल विणलें कीं पहिली वाढते. आमच्या प्रसंगांत हें जितकें स्पष्ट दिसलें तितकें तें कोणत्याहि ग्रंथांत आम्हांस दिसलें नव्हतें. आईचें पत्र नव्या पत्त्यावरून आलें होतें आणि त्यांत पैशाची गोष्ट होती. चोराचें पत्रहि नव्या पत्त्यावरून आलें होतें आणि त्यांतहि पैशाचीच गोष्ट होती. गरजू आणि लबाड ह्यांचीं बाह्य लक्षणें पुष्कळदां एकच असतात. दारावरचा रखवालदार फाटक्या कपड्यांवरून माणसाला हटकूं लागला, तर चोराआधीं गरीबच हटकला जातो.

साधनें विकणारे लोक आपल्या साधनाची थोरवी सांगतांना, शंभरांत इतकीं वाईट पत्रें आम्ही पकडतों, असा आंकडा पुढें करितात. तो आंकडा खोटा असतो असें आम्ही म्हणत नाहीं. तो अर्धा असतो. किती चांगलीं पत्रें अडलीं, तीं कोणाचीं होतीं, अडल्याचें त्यांना केव्हां कळलें, आणि सुटका व्हावयास किती काळ लागला, हा दुसरा अर्धा भाग त्याच ठळक अक्षरांत सांगितला गेला पाहिजे. चोरानें नेलेले पैसे हिशेबाच्या वहींत दिसतात. दारावरून परत गेलेली बाई कोणत्याच वहींत दिसत नाहीं. न दिसणारें नुकसान दिसूं लागणें ही आमच्या मतें पहिली सुधारणा होय. अडविलेलें पत्र कां अडविलें हें साध्या भाषेंत सांगणें, तें ज्याचें आहे त्याला त्याच दिवशीं कळविणें, आणि तपासून सोडण्याची वाट मोकळी ठेवणें, ह्यांत यंत्रशास्त्राला अशक्य असें कांहीं नाहीं. आमच्या येथें तसें झालें असतें, तर आईचें पत्र अकरा दिवस अडलें नसतें, आम्हांस राग आला नसता, आणि तो नियमहि जागच्या जागीं राहिला असता.

दुसरा मुद्दा पत्र वाचण्याच्या अधिकाराचा. पहारेकऱ्यानें पत्र उघडून पाहावें हें आपण आज सहज मान्य करितों, पण सभ्य समाजाला तें सदैव मान्य नव्हतें. १८४४ सालीं लंडनमध्यें आश्रयास असलेल्या जोसेफ मॅझिनी ह्या इटालियन देशभक्ताला आपलीं पत्रें टपालखात्यांत उघडलीं जात असल्याचा संशय आला. पाकिटांत खसखशीचे दाणे आणि वाळूचे कण घालून त्यानें त्याची परीक्षा घेतली, आणि संशय खरा ठरला. पार्लमेंटांत प्रश्न निघाला, गृहमंत्री सर जेम्स ग्रॅहॅम ह्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला, कार्लाइलसारख्या ग्रंथकारानें ‘टाइम्स’ मध्यें आपला संताप प्रकट केला, आणि त्या गदारोळानंतर टपालखात्याची ती गुप्त शाखा मोडण्यांत आली. तेव्हां पत्रें वाचणारा परका होता आणि वाचणें चोरून होत होतें. आतां वाचणारा आपणच नेमलेला आहे आणि आपल्या हिताकरितां वाचतो, हा भेद खरा आहे. परंतु नेमणूक आम्हीं केली आहे, पत्र लिहिणाऱ्यानें नव्हे. त्या आईनें आपल्या घरच्या ओढगस्तीची हकीकत शाळेला लिहिली होती. कारभाऱ्याच्या कचेरींतील एखाद्या अनोळखी तरुणानें ती वाचावी ह्याला तिनें संमति दिली नव्हती. म्हणून, यंत्रानें पाहून भागत असेल तेथें माणसानें पाहूं नये. माणसाला पाहावें लागलेंच तर कोणीं, केव्हां, कशासाठीं पाहिलें ह्याची नोंद राहावी, आणि ती नोंद धन्याला मागतांच मिळावी. ही दुसरी सुधारणा. पहारा जितका तीक्ष्ण, तितका तो संयमी असला पाहिजे.

तिसरा मुद्दा आरंभीं सांगितलेल्या एका शेजाऱ्याच्या किल्ल्यांचा. २ जुलै २०२१ रोजीं कासेया ह्या कंपनीच्या साधनावर घाला पडला. घाला ई-मेलवर नव्हता. कारभारी लोक ज्या साधनानें दुरून आपल्या ग्राहकांचे संगणक सांभाळतात, त्या साधनावर होता. त्या कंपनीचे प्रत्यक्ष बाधित झालेले ग्राहक साठांहून कमी होते. पण त्यांत कारभारी मंडळी पुष्कळ असल्यामुळें त्यांच्या हातांखालील आठशें ते पंधराशें संस्थांपर्यंत ती आग पोंचली. स्वीडनमधील कूप ह्या नांवाच्या किराणा दुकानांचीं पैसे घेण्याचीं यंत्रें बंद पडून सुमारें आठशें दुकानें मिटावीं लागलीं, आणि त्या दुकानदारांचा कासेयाशीं प्रत्यक्ष व्यवहारहि नव्हता! ह्याहून विचार करावयास लावणारी गोष्ट २०२३ सालची आहे. बॅराकुडा कंपनीचें ई-मेल तपासणारें एक उपकरण अनेक संस्थांच्या दारावर बसविलेलें होतें. पत्रासोबत आलेलीं गाठोडीं उघडून तपासणें हें त्याचें काम. गाठोडें तपासण्याच्या त्या भागांतच एक छिद्र निघालें. चोरानें मुद्दाम तयार केलेलें गाठोडें तपासावयास घेतलें कीं, पहारेकरीच चोराच्या ताब्यांत जाई. २०२२ च्या ऑक्टोबरपासून हा प्रकार चालला होता. तो २०२३ च्या मे महिन्यांत उघडकीस आला, आणि जूनमध्यें कंपनीला आपल्या ग्राहकांस सांगावें लागलें कीं, बाधित उपकरणें दुरुस्त करूं नका, बदलूनच टाका. कुंपणानेंच शेत खाल्लें, असें म्हणणें येथें अन्यायाचें होईल, कारण कुंपणाची नियत वाईट नव्हती. पण शेत गेलें तें कुंपणाच्या वाटेनेंच.

ह्याचा अर्थ एकत्र पहारा नकोच असा मात्र नव्हे. एकाच कारभाऱ्याकडे शंभर संस्था असल्या म्हणजे एका शाळेला आलेलें लबाडीचें पत्र पाहून उरलेल्या नव्याण्णव ठिकाणीं घटकाभरांत सावधगिरी घेतां येते. लहान संस्थेला एकटीनें हें कधींच साधलें नसतें. पण त्याच सोयीच्या पोटांत धोकाहि आहे. शंभर संस्थांच्या सूचना एकाच पडद्यावर कोसळूं लागल्या कीं, लांडगा आला रे आला ह्या गोष्टींतल्याप्रमाणें खऱ्या हांकेकडेहि दुर्लक्ष होतें. बाहेरून आलेल्या प्रत्येक पत्रावर पिवळी पट्टी लावली कीं, पट्टी दिसेनाशी होते. आमच्या लेखनिकाला आलेल्या पत्रावरहि ती होती. एका ग्राहकासाठीं दिलेली सूट चुकून साऱ्यांना लागूं होणें आणि तात्पुरती म्हणून दिलेली सूट कायमची राहणें, हेहि ह्या धंद्यांतले नित्याचे धोके. तेव्हां कारभाऱ्यासाठीं साधन सुधारणें म्हणजे प्रत्येक घराची किल्ली निराळी ठेवणें, थोड्याच पण खऱ्या हांका मारणें, आणि प्रत्येक सुटीवर कारण, सही आणि मुदत लिहून घेणें. आमची तक्रार मुदतीच्या सुटींत बसविली गेली असती, तर तीन महिन्यांनीं तिनें आपण होऊन आम्हांस पुन्हां प्रश्न केला असता.

सावधपणा शिकविण्यासाठीं नोकरांना मुद्दाम खोटीं पत्रें पाठविण्याची जी चाल पडली आहे, तिच्याविषयीं दोन शब्द सांगतों. २०२० च्या डिसेंबरांत, महामारीच्या दिवसांत, अमेरिकेंतील एका मोठ्या कंपनीनें आपल्या नोकरांना साडेसहाशें डॉलरांच्या नाताळच्या बक्षिसाचें पत्र धाडलें. सुमारें पांचशें जणांनीं हर्षानें आपली माहिती भरली. मग त्यांना सांगण्यांत आलें कीं, ही तुमची परीक्षा होती आणि तुम्ही नापास झालां. पुढें कंपनीला माफी मागावी लागली. परीक्षा घेऊंच नये असें आम्ही म्हणत नाहीं. पण ज्या धन्याच्या शब्दावर विश्वास ठेवणें हा नोकराचा गुण, त्याच धन्यानें त्या गुणालाच आमिष दाखवून पकडावें, ह्यानें सावधपणा वाढत नाहीं. नुसता संशय वाढतो. सावध मनुष्य प्रश्न विचारतो. संशयी मनुष्य प्रश्न विचारणेंहि सोडून देतो.

ह्यावर कोणी म्हणेल, ‘हें सारें ठीक, पण सामान्य माणसानें ह्या विद्येंत डोकें घालावें तरी किती? वैद्याकडे गेलेला रोगी वैद्यक शिकत नाहीं. श्रमविभाग हाच सुधारणेचा पाया. मग कारभाऱ्यावर सोंपवून मोकळें होण्यांत गैर काय?’ आक्षेप वजनदार आहे. रोगी वैद्यक शिकत नाहीं हें खरें. परंतु कोठें दुखतें तें त्यालाच सांगावें लागतें, औषध त्यालाच घ्यावें लागतें, आणि पथ्य तर त्याच्यावांचून दुसऱ्या कोणाला पाळतांच येत नाहीं. काम सोंपवितां येतें, उत्तरदायित्व सोंपवितां येत नाहीं. कायद्यानेंहि हें तत्त्व ओळखलें आहे. खासगी विश्वस्तांसंबंधींच्या १८८२ च्या कायद्यांत, कांहीं ठराविक अपवाद सोडून, विश्वस्तानें आपलें कर्तव्य दुसऱ्यावर सोंपवूं नये असें सांगितलें आहे. आणि २०२३ सालीं आपल्या संसदेनें लोकांच्या खासगी माहितीच्या रक्षणार्थ जो कायदा केला, त्यांतहि माहिती गोळा करणाऱ्यानें तिचें काम दुसऱ्याकरवीं करून घेतलें तरी जबाबदारी मूळ संस्थेचीच राहते, उलट करार केला तरी राहते, असें स्पष्ट लिहिलें आहे. त्या आईनें पत्र शाळेला लिहिलें होतें, कारभाऱ्याला नव्हे.

तेव्हां धन्यानें पाळावयाचें पथ्य तें कोणतें? तें फार मोठें नाहीं, आणि जुनेंच आहे. मराठेशाहींतील महत्त्वाच्या पत्रांत पुष्कळदां शेवटीं असें लिहिलेलें आढळतें कीं, सविस्तर मजकूर अमुक गृहस्थ मुखजबानी सांगतील. लिहिलेल्या अक्षरावर सारा भार टाकूं नये, बोलणाऱ्या माणसाचीहि साक्ष घ्यावी, हें शहाणपण त्यांत आहे. खातें बदलल्याचें पत्र आलें तर त्या पत्रांत दिलेल्या क्रमांकावर नव्हे, आपल्या वहींतील जुन्या क्रमांकावर फोन करून खऱ्या माणसाशीं बोलावें. ह्याला साधन लागत नाहीं, कारभारी लागत नाहीं. दोन मिनिटें लागतात. जें साधन योग्य वेळीं, योग्य पत्रावर, ‘हा पत्ता नवा आहे, खात्याची गोष्ट आहे, एकदां विचारून पाहा’ असें सांगून माणसाला त्या दोन मिनिटांची आठवण देतें, तें साधन सुधारलेलें. आणि जें ‘सर्व कांहीं ठीक आहे’ असें सांगून त्याला झोंपवितें, तें कितीहि चोर पकडो, अपुरेंच. माणसाचा विवेक जागा ठेवणें हीच साधनाच्या सुधारणेची कसोटी आम्हांस वाटते, आणि वर म्हटलेले दोन प्रश्न मुळांत एकच आहेत तें ह्या अर्थानें.

आतां सभेचें काय झालें तें सांगून संपवितों. लेखनिकाच्या पगारांतून कांहीं कापूं नये, आणि झालेलें नुकसान मंडळाच्या सभासदांनीं आपसांत वर्गणी करून भरावें, असा ठराव आम्हीं मांडला. पुष्कळ बोलाचाली झाली. ‘चूक एकाची आणि दंड साऱ्यांना कां?’ असें एका वृद्ध सभासदांनीं विचारलें. चूक एकाची नव्हती, एवढेंच उत्तर आम्हीं दिलें आणि आपली सही असलेलें तें फाल्गुनांतलें पत्र त्यांच्यापुढें ठेविलें. ठराव एका मतानें मंजूर झाला. काढलेला नियम पुन्हां घातला गेला. अडलेलीं पत्रें लेखनिकानें सकाळीं आणि दुपारीं स्वतः पाहावीं असें ठरलें. कारभारी दर तीन महिन्यांनीं सभेंत येऊन पकडलेल्या चोरांचा आणि अडविलेल्या सज्जनांचा असा दुहेरी हिशेब देतो.

गेल्या महिन्यांत ग्रंथालयाच्या कपाटांचे पैसे नव्या विक्रेत्याला द्यावे असें आम्हीं लेखनिकाला ई-मेलनें कळविलें. थोड्याच वेळांत त्याचा फोन आला. ‘साहेब, हें पत्र आपलेंच ना?’ आमच्याच शब्दावर अविश्वास, असें वाटून क्षणभर राग आला. मग ‘होय, आमचेंच, विचारलेंत हें बरें केलेंत’ असें म्हणून आम्हीं फोन ठेविला. त्या रात्रीं आम्हांस झोंप चांगली लागली.